गलाईवाल्यांच्या मुलांना शिष्यवृत्तीच्या दारात अडवू नका

मा. श्री. चंद्रकांतदादा पाटील,
उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
तथा पालकमंत्री, सांगली जिल्हा



सांगलीतले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातले माण-खटाव हे दुष्काळाने पिढ्यानपिढ्या पोळलेले तालुके. शेतीवर भागेना, म्हणून इथल्या माणसांनी गलाईचा धंदा धरला. जुने दागिने आटवून शुद्ध सोनं-चांदी काढण्याचं हे काम घेऊन ती देशभर पांगली. आज केरळ-तामिळनाडूपासून उत्तरेपर्यंत कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा, मागच्या बोळात आपल्याकडचा कुणीतरी भेटतोच. छोट्याशा खोलीत भट्टी, शेगडीजवळ मांडलेल्या मुशी, डोळ्यांत झोंबणारा तेजाबाचा वास आणि पुष्कळदा वरच्या माळ्यावरच संसार. त्या माळ्यावर अभ्यास करून बारावी झालेली मुलं आता कॉलेजसाठी गावाकडे येऊ पाहतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

मी विटा परिसरात अशा मुलांना महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मदत करतो. गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. जन्म आणि शाळा तामिळनाडूत. वडील खानापूर तालुक्यातले, गावात घर, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव. तिने सीईटी दिली आणि केंद्रीय प्रवेशाच्या (कॅप) फेरीतून इंजिनिअरिंगला तिचा नंबर लागला. दहावी-बारावी बाहेर झाली असली, तरी आई किंवा वडिलांचा अधिवास महाराष्ट्राचा असेल तर विद्यार्थी राज्याचाच धरावा, अशी सोय प्रवेशाच्या नियमांत ‘टाइप बी’ म्हणून आहे. म्हणजे प्रवेशापुरती ती महाराष्ट्राची ठरली.

शिष्यवृत्तीच्या अर्जात मात्र तिचा स्वतःचा अधिवास दाखला मागितला गेला. त्यासाठी राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा हवा. परराज्यात जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या मुलीने तो आणायचा कुठून? एका कार्यालयात वडिलांच्या दाखल्यावर काम होतं, दुसऱ्या कार्यालयातून तीच फाइल परत येते. ती मुलगी मुदतीत बसली नाही. वडिलांनी व्याजाने पैसे काढून पहिल्या वर्षाची फी भरली.

अडचण अधिवासाशी थांबत नाही. तिच्या गुणपत्रिकेवर तिकडच्या रीतीने नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आहे, आडनाव नाही. आधारवर पूर्ण नाव आणि आडनाव. कागद जुळत नाहीत म्हणून अर्ज अडतो. पुढे उत्पन्नाचा दाखला. गावचे तलाठी शिवारातलं उत्पन्न सांगू शकतात, परराज्यातल्या भट्टीचं त्यांना कसं कळणार? आणि तिकडून आणलेला दाखला इथे चालेल का, हे छातीठोकपणे सांगणारं कुणी भेटत नाही. मुलगी मराठी अस्खलित बोलते, पण शासन निर्णयातली मराठी वाचताना अडखळते. आई-बाप हजार किलोमीटरवर. मग एजंटाचं फावतं.

दादा, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आपण आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंत. मुलांना राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून अर्ध्या फीचा आधार मिळतो. मुलींच्या फी माफीच्या निर्णयाने दुष्काळी भागातल्या कितीतरी घरांत मुलीचं शिक्षण पुढे गेलं. म्हणूनच दाखल्याच्या एका रकान्यापायी आपलीच लेकरं बाहेर राहिलेली पाहवत नाहीत.

सवलतीचा गैरफायदा परराज्यातले घेतील, ही शंका रास्त आहे. पण ‘टाइप बी’च्या प्रवेशात पालकांच्या अधिवासाची छाननी आधीच झालेली असते. शिवाय वडिलांचा इथल्या शाळेचा दाखला, सातबारा, मतदार यादी हे पुरावे हातात असतात. राज्याबाहेर शिकलेल्या आपल्या मुलांसाठी नियम वाकवण्याची आपल्याला सवयही आहे. कर्नाटकाच्या सीमाभागात दहावी-बारावी झालेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना प्रवेशात वेगळा ‘टाइप ई’ आपल्या राज्यानेच दिला. दूरच्या अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने तर २००१ मध्ये, तिथल्या हायस्कुलात तीन वर्षं शिकून उत्तीर्ण झालेल्या स्थलांतरितांच्या मुलांना, रहिवासाचे कागद नसतानाही, राज्यातल्या मुलांइतकीच फी लावली आणि २०११ मध्ये सरकारी आर्थिक मदतही खुली केली. आमच्या मुलांकडे तर कागद आहेत. ते फक्त बापाच्या नावावर आहेत.

याच मातीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. ते चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. गरजू मुलाला आधी आत घ्यायचं, हिशेब नंतर पाहायचा, ही साताऱ्या-सांगलीची शिकवण आहे.

म्हणून चार मागण्या करतो.

पहिली, ‘टाइप बी’तून प्रवेश मिळालेल्यांना शुल्क सवलतीच्या सर्व योजनांत आई किंवा वडिलांचा अधिवास दाखला ग्राह्य धरावा, असा स्पष्ट शासन निर्णय काढावा.

दुसरी, बाहेर राहणाऱ्या पालकांच्या उत्पन्नाचा दाखला कुणी आणि कोणत्या पुराव्यावर द्यायचा, याचं महसूल विभागाकडून एकच लेखी उत्तर मिळवून द्यावं.

तिसरी, नावातल्या आद्याक्षर-आडनावाच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र घेऊन महाविद्यालयालाच अर्ज पुढे पाठवू द्यावा.

चौथी मागणी सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगाची. एप्रिल-मेमध्ये यात्रा आणि लग्नसराईला गलाई बांधव गावी येतात. त्याच दिवसांत विटा, आटपाडी, कवठेमहांकाळ, मायणी आणि दहिवडी इथे दाखल्यांची शिबिरं लावा. तहसीलचे कर्मचारी, सेतू केंद्र आणि महाविद्यालयाचा शिष्यवृत्ती विभाग एका मांडवात बसले, तर आई-बाप परत भट्टीवर जाण्याआधी सगळे कागद तयार होतील. वर्षभर मुलाच्या हाती मग अभ्यासच उरेल.

सांगलीचे पालकमंत्री आणि उच्च शिक्षण खात्याचे मंत्री ही दोन्ही पदं आपल्याकडे आहेत. एक सही मंत्रालयात आणि एक सूचना सांगली-साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना, एवढ्यावर हे काम होण्यासारखं आहे. पुढची प्रवेश प्रक्रिया सुरू होण्याआधी ते करावं, ही कळकळीची विनंती. शिबिरात अर्ज भरून द्यायला आमच्यासारखे स्वयंसेवक विनामोबदला हजर राहतील.

आपला विश्वासू,
गलाई कुटुंबांचा एक हितचिंतक
विटा, जि. सांगली