संयमाचा उपदेश आणि आतड्यांची भाषा

स्थूल माणसाला उपदेश करण्यासाठी आपल्याकडे कोणत्याही अधिकाराची आवश्यकता लागत नाही. कचेरीतील सहकारी, लग्नघरी भेटलेले दूरचे आप्त, शेजारपाजारचे वडीलधारे, सारेच त्याला एक सल्ला देतात : जिभेवर ताबा ठेवा! या उपदेशाच्या मुळाशी एक गृहीत आहे. भूक ही मनाची गोष्ट आहे आणि मन खंबीर असेल तर ती आवरता येते, असे आपण मानतो. हे गृहीत कितपत खरे आहे, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

शरीरशास्त्राने या प्रश्नाला हात घातला, त्याला शतकाहून अधिक काळ लोटला. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक भाग मज्जातंतूंपासून तोडून त्यात आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून पाचक रस पाझरला. निरोप मज्जातंतूंवाटे गेला नव्हता. तो रक्तावाटे गेला होता. १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा निरोप्या द्रव्यांना ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो. संप्रेरकांच्या शास्त्राचा आरंभ आतड्यात झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढील संशोधनाने भुकेचा कारभार उलगडत गेला. जठरातून स्रवणारे घ्रेलिन १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधले. जेवणापूर्वी ते रक्तात वाढते आणि जेवणानंतर उतरते. अन्न आतड्यात पोहोचले की उलट दिशेचे निरोप सुटतात. त्यांपैकी ‘जीएलपी-१’ हे संप्रेरक तीन कामे करते : रक्तातील साखर वाढली असता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास उत्तेजन देते, जठरातील अन्न पुढे सरकण्याची गती मंद करते आणि मेंदूला तृप्तीची जाणीव देते. शरीरातील चरबीचा साठा किती आहे, याची वर्दी लेप्टिन देते. त्याचा शोध १९९४ सालचा. या साऱ्या निरोपांचा मेळ मेंदूच्या तळाशी घातला जातो आणि त्यानंतर आपण म्हणतो, ‘भूक लागली’!

मग निग्रहाचे काय? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ५० स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवले. त्यांची वजने उतरली. परंतु वर्षभरानंतरही त्यांच्या शरीरात घ्रेलिन चढेच होते, तृप्ती देणारी काही संप्रेरके उतरलेलीच होती आणि भूक पूर्वीपेक्षा अधिक होती. २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. त्या थट्टेमागे शरीराचा केवढा रेटा असतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

याच ज्ञानातून नवी औषधे निर्माण झाली. नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोनतीन मिनिटे टिकते; त्याच्या धर्तीवर घडवलेल्या सेमाग्लुटाइडचा प्रभाव आठवडाभर राहतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत रुग्णांचे वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. म्हणजे हा उपाय अनेकांसाठी दीर्घकाळचा आहे. मळमळ, उलट्या यांसारखे त्रास आहेत, स्नायूंची झीज होण्याची भीती आहे. वैद्यकीय देखरेखीशिवाय, केवळ सडपातळ दिसण्याच्या हौसेने ही सुई टोचून घेणे शहाणपणाचे नव्हे.

वजन घटवण्यासाठी ही औषधे २०२५ साली भारतीय बाजारात उतरली. ज्या देशात २०२३ च्या पाहणीनुसार मधुमेहींची संख्या १० कोटींवर आहे, तेथे त्यांचे मोल कोणी नाकारणार नाही. शिवाय आपली प्रकृतीही वेगळी आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! कृश दिसणारा भारतीयही या व्याधीपासून सुरक्षित नाही, असाच याचा अर्थ.

येथे एक आक्षेप संभवतो. सारे संप्रेरकांच्याच हाती असेल, तर माणसाची जबाबदारी उरली कोठे? परंतु आकडे पाहावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये १५ ते ४९ वयाच्या १२.६ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २४ टक्के झाले. पंधरा वर्षांत एखाद्या राष्ट्राची संप्रेरके बदलत नाहीत, किंवा त्याचा निग्रहही एकाएकी ढासळत नाही. बदलले ते ताटातले अन्न, शाळेबाहेरचे दुकान, बैठे काम आणि जाहिरातींचा मारा. जबाबदारी आहेच, पण ती एकट्या व्यक्तीच्या माथी मारून समाजाला आणि शासनाला हात झटकता येणार नाहीत.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेविषयी माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. पाऊल योग्य आहे, पण अपुरे आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर दर्शनी बाजूस साखर, मीठ व चरबी यांविषयी स्पष्ट इशारा हवा. शाळेच्या उपाहारगृहावर नियंत्रण हवे. सार्वजनिक रुग्णालयांत स्थूलतेवर सन्मानाने उपचार हवेत. अन्यथा अन्न विकणारा आजार देईल, औषध विकणारा तो आवरील आणि दोन्हींची किंमत सामान्य माणूस मोजीत राहील. तोवर आपण निदान एवढे तरी करावे : वर्गातील लठ्ठ मुलाला हिणवणे थांबवावे. त्याची भूक हा त्याचा अपराध नव्हे.