पबचा सातबारा

इंग्लंडमध्ये एखादा पब बंद पडला की त्याची कारणं सांगायला सगळा मोहल्ला तयार असतो. सिगारेटबंदी आली, सुपरमार्केटात बिअर स्वस्त झाली, सरकारने कर वाढवला, हल्लीची पोरं पीतच नाहीत. यातलं काहीच खोटं नाही. 2007च्या जुलैत तिथे बंदिस्त जागेत धूम्रपानाला मनाई झाली आणि मागे अंगण नसलेल्या लहान पबांचं रोजचं गिऱ्हाईक तुटलं. 2000 साली ब्रिटनभर 60 हजारांच्या वर पब होते, आता 45 हजारांच्या आसपास उरलेत.

तरी माझं समाधान होत नाही. बर्मिंगहॅमजवळ मुलीकडे गेलो की संध्याकाळी मी पायी भटकतो. एका पबच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या आणि त्याच रस्त्यावर पुढच्या पबात उभं राहायलाही जागा नाही, असं हमखास दिसतं. दोघांना कर तोच, कायदा तोच, पाऊससुद्धा तोच. मी अर्धा पाइंट घेऊन तासभर बसणारा, म्हणजे धंद्याच्या दृष्टीने कुचकामी माणूस. पण अशा रिकामटेकड्याशी काउंटरमागची मंडळी बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यात बिअरपेक्षा भाड्याचाच विषय जास्त असतो. तेव्हापासून कुठलाही पब दिसला की मला आपला देशी प्रश्न पडतो: याचा सातबारा कुणाच्या नावावर?

जुनी पद्धत अशी, की बिअर बनवणाऱ्या कंपन्याच बहुतेक पबांच्या मालक. चालवणारा नुसता भाडेकरू. त्याने भाडं भरायचं आणि बिअरही मालकाकडूनच घ्यायची, मालक सांगेल त्या भावाने. याला तिथे ‘टाय’ म्हणतात. 1989 साली थॅचरबाईंच्या सरकारने ही मक्तेदारी मोडायला हुकूम काढला. ज्या कंपनीकडे 2000हून जास्त पब असतील, तिने वरच्या पबांपैकी निम्मे टायमधून मोकळे करायचे. हेतू चांगलाच होता. कंपन्यांनी हजारो पब विकले, पण ते घेतले कुणी? ‘पंच टॅव्हर्न्स’, ‘एंटरप्राइझ इन्स’ अशा नव्या कंपन्यांनी, ज्या बिअरचा एक थेंबही बनवत नव्हत्या. हुकूम बिअर बनवणाऱ्यांसाठी होता, त्यामुळे यांना तो लागूच नव्हता. टाय राहिला, फक्त मालक बदलला. शिवाय ही खरेदी भरमसाट कर्ज काढून झालेली. 2008ची मंदी आली, हप्ते जड झाले आणि पब विकायला निघाले. भाडेकरूंना खुल्या बाजारभावाच्या भाड्याचा पर्याय कायद्याने मिळायला 2016 उजाडलं. तोवर पुष्कळांनी किल्ल्या परत केल्या होत्या.

आणि विकलेला पब पबच राहील असं थोडंच आहे? कोपऱ्यावरची दुमजली इमारत, मागे गाड्या लावायला जागा. बिल्डरला तिथे फ्लॅटच दिसणार. लोअर परळच्या माणसाला हे समजवायला नको. सुतापेक्षा जमीन महाग झाली की गिरणीचं काय होतं ते त्याने पाहिलंय. (आपल्याकडे त्या जमिनीवर पब आले, हा भाग वेगळा.) लंडनमधला ‘कार्लटन टॅव्हर्न’ हिटलरच्या बॉम्बमधून वाचला आणि 2015 साली विकासकाने परवानगीशिवाय पाडला. वेस्टमिन्स्टरच्या पालिकेने मात्र दंडावर भागवलं नाही. होता तसा, वीट न् वीट परत बांधा, असं फर्मावलं. 2021मध्ये तो पुन्हा उघडला. ही बातमी मी आपल्या पालिकेतल्या एका ओळखीच्या इंजिनीअरला सांगितली. तो नुसता हसला.

आता चालणाऱ्या पबांकडे बघा. टिम मार्टिनने 1979 साली सुरू केलेल्या ‘वेदरस्पून’ची साखळी जुनी थिएटरं, बँका, पोस्टं घेऊन त्यांचे पब करते. बिअर स्वस्त, गाणी नाहीत, आणि बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या. मला तिथलं वातावरण रेल्वेच्या वेटिंग रूमसारखं वाटतं, पण गर्दी माझं मत विचारत नाही.

माझा जीव रमतो तो वेस्ट ब्रॉमिच, स्मेथिककडच्या ‘देसी पबां’त. या भागात लोखंडाच्या ओतशाळा होत्या आणि तिथे राबायला पंजाबी कामगार आले. पाळी संपल्यावर घसा कोरडा, पण कितीतरी पब त्यांना आत घेत नसत किंवा वेगळ्या खोलीत बसवत. 12 फेब्रुवारी 1965ला अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स स्मेथिकला आला. भारतीय कामगार संघटनेची मंडळी त्याला ‘ब्लू गेट्स’ पबात घेऊन गेली, तर चांगल्या खोलीत त्यांना प्यायला नाकारलं. सार्वजनिक ठिकाणच्या असल्या भेदभावाला कायद्याने बंदी आली ती त्याच वर्षी. पुढे ओतशाळा विझल्या, जुनं गोरं गिऱ्हाईक पांगलं, आणि ओस पडलेले पब याच लोकांनी चालवायला घेतले. आता तिथे चुरचुरत्या तव्यावर कबाब, टिक्का, चॉप्स आणि कांदा येतो. आजी, नातवंडं, फुटबॉलवाले गोरे, सगळे एकाच खोलीत. स्वयंपाकघरात आणि गल्ल्यावर बहुधा घरचीच माणसं. तिथे पोरं पीत नाहीत ही तक्रार मी ऐकली नाही. न पिणारीही जेवायला येतातच.

खेड्यांना आणखी एक वाट सापडली आहे. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या गावकऱ्यांनी 2003मध्ये वर्गणी काढून ‘ओल्ड क्राउन’ विकत घेतला. 2011च्या कायद्याने इंग्लंडमधल्या लोकांना आपला पब गावाच्या उपयोगाची मालमत्ता म्हणून नोंदवता येऊ लागला. तो विक्रीला निघाला तर पैसे जमवायला सहा महिने मिळतात. लंडनच्या नन्हेडमधला ‘आयव्ही हाउस’ 2013मध्ये असाच रहिवाशांच्या हाती आला. मात्र त्या कायद्याने दिला तो फक्त बोली लावण्याचा हक्क. सहा महिने झोळी फिरवून रक्कम उभी केली, तरी गावालाच विकायचं बंधन मालकावर नाही. तो बिल्डरकडे गेला, तर गावाने वर्गणी परत वाटायची.