खोळंब्याचे पैसे कोण देणार?

डिलिव्हरीवाल्यांच्या हालांची चर्चा निघाली की ती हटकून दहा मिनिटांच्या घाईवर येते. घाई जीवघेणी आहेच. पण या कामात रोजच्या रोज पिळून काढतो तो खोळंबा. हॉटेलच्या काउंटरवर ‘झालंच, पाच मिनिटं’ म्हणत लांबत जाणारी ऑर्डर, गेटवरच्या वहीत नाव-नंबर लिहिण्याचा सोपस्कार, वर कोणी उचलतच नाही असा इंटरकॉम, रहिवाशांची लिफ्ट रिकामी उभी असताना सामानाच्या लिफ्टकडे रोखलेले वॉचमनचे बोट, मागच्या गल्लीत पडलेली लोकेशनची पिन. यातले काहीच त्याच्या हातात नसते. मोबदला मात्र मुख्यतः ऑर्डरमागे आणि अंतरामागे, त्यामुळे गाडी त्याची, पेट्रोल त्याचे आणि दुसऱ्यांच्या दिरंगाईचा भुर्दंडही त्याचाच. रात्रीच्या गर्दीत एक ऑर्डर अर्धा तास अडकली की ठरावीक ऑर्डरींवर मिळणारा इन्सेंटिव्हही हुकू शकतो; जेवण गार झाले म्हणून कमी रेटिंग मिळते ते वेगळेच. मग गेटवर गेलेला वेळ उलट्या दिशेने गाडी घालून भरून काढला जातो आणि आपण बेशिस्तीवर बोलतो.

निती आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार २०२०-२१मध्ये देशात डिलिव्हरीवाल्यांसह ७७ लाख गिग कामगार होते. २०२९-३०पर्यंत ते २.३५ कोटी होतील, असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने ॲप कंपन्यांना वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या कल्याणासाठी द्यायला सांगितली. चांगलेच झाले. पण त्यातून मिळणारा विमा उपयोगी पडतो अपघातानंतर; ताटकळण्यात गेलेल्या तासाची भरपाई त्यातून होत नाही.

या तासाचे पैसे द्या म्हटले की ‘हवे तेव्हा लॉगिन करायचे, नको तेव्हा घरी बसायचे, एवढी मोकळीक दुसऱ्या कुठल्या नोकरीत आहे?’ असे विचारले जाते. मोकळीक लॉगिन करेपर्यंतच. एकदा पार्सल हातात आले की ते टाकून जाता येत नाही. दुसरा आक्षेप महागाईचा, आणि तो खरा आहे: डिलिव्हरी थोडी महाग होईल. पण खोळंब्याची किंमत आजही कोणीतरी मोजतोच आहे, आणि तो डिलिव्हरीवालाच आहे. न्यूयॉर्क शहराने २०२३मध्ये जेवण पोहोचवणाऱ्यांसाठी किमान मोबदला लागू केला, तेव्हा ऑर्डरची वाट पाहण्याचा वेळही हिशेबात धरला. राहिला प्रश्न मोजायचे कसे हा. हॉटेलात पोहोचल्याची, पार्सल घेतल्याची, पत्त्यावर पोहोचल्याची वेळ ॲपमध्ये आधीच नोंदली जाते; उशिराचा जाब विचारताना ती बरोबर सापडते. राज्य सरकारने पहिली पाच मिनिटे सोडून पुढच्या प्रत्येक मिनिटाचा दर ठरवावा. हॉटेलने रखडवले तर तो हॉटेलच्या हिशेबातून वळता व्हावा; गेटवर किंवा दारात रखडले तर ग्राहकाच्या बिलात वेगळ्या ओळीत दिसावा. सोसायटीच्या पुढच्या सभेत सामानाच्या लिफ्टचा विषय मग आपोआप निघेल.