फळा दिसतो का, हे आधी विचारा

एक मूल पाहून शिकते, दुसरे ऐकून, तिसरे हाताने करून. ही विभागणी शिक्षणक्षेत्रात चांगलीच रुजली आहे. जव्हार-मोखाड्यासारख्या वारली चित्रांच्या मुलुखात तर ‘इथली मुले चित्रांतूनच शिकणार’ असे वाटणे सोपे आहे. पण २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासले. मुलांच्या आवडी वेगवेगळ्या असतात. मात्र त्या ‘शैली’नुसार शिकवल्याने यश वाढते, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

ही समजूत केवळ चुकीची नाही, ती आजार झाकू शकते. ज्याला फळा धूसर दिसतो, तो ऐकूनच शिकणार. ज्याचा कान वारंवार फुटतो, तो बघूनच शिकणार. त्याला शैली म्हटले, की चष्मा आणि कानाचे उपचार दोन्ही राहून जातात.

तिसरे कारण रक्तात असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. तिसऱ्या तासाला गणित सुटेनासे होते, ते पुष्कळदा थकव्याने. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी म्हणूनच वहीइतकी महत्त्वाची आहे. ती उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घेतली, तर मळमळ कमी होते.

दिवाळीनंतर आईबापांसोबत वीटभट्टीवर गेलेल्या मुलाचे अपूर्णांक बुडतात आणि पुढे बीजगणित अडते. घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला शाब्दिक उदाहरणात गणिताआधी भाषा अडवते.

वर्गात काय करावे? खडे, आकृती, मुलांची बोली आणि चिन्हे ही सगळ्यांसाठी एकत्र वापरावीत. मागचा धडा रोज पाच मिनिटे, पुस्तक मिटून आठवायला लावावा. गेलेल्या महिन्यांचा अभ्यास परतलेल्या मुलाकडून वेगळा भरून घ्यावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्येच झाली. तपासणीची व्यवस्था आहे. पण नोंदवहीत ‘दृष्टिदोष’ लिहिल्याने कुणाला दिसू लागत नाही. चष्मा नाकावर बसेपर्यंत ती तपासणी अपुरीच. एखादे मूल गणितात ‘ढ’ आहे, असे ठरवण्यापूर्वी शिक्षकांनी त्याला शेवटच्या बाकावरून फळ्यावरचे वाचायला सांगावे.