घरचे यंत्र : काळा पडदा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. आमचा जुना लॅपटॉप तर विंडोज ११ च्या अटींत बसेना. त्यात तीर्थरूपांच्या पत्रांची छायाचित्रे होती. ती आधी बाहेरच्या डिस्कवर उतरविली, हे बरेच झाले. मग लिनक्स बसवू लागलो, तो पडदा काळाठिक्कर! सौभाग्यवतींना वाटले, यंत्र गेले. वस्तुतः अडले होते ते ग्राफिक्स ड्रायव्हरचे. आरंभीच्या यादीत 'ई' कळ दाबावी, 'क्वाएट स्प्लॅश' खोडून तेथे 'नोमोडसेट' (अर्थात रोमन लिपीत, सलग) लिहावे व 'एफ १०' दाबावे. ड्रायव्हर बाजूस राहून साधे चित्र उमटते. बसवून झाल्यावर पडदा पुन्हा काळवंडला. तोच उपाय पुन्हा केला आणि योग्य ड्रायव्हर घातला. पत्रे त्याच सायंकाळी सर्वांनी वाचली.