विश्लेषण : ‘वाघांच्या राजधानी’त मार्जारांचे आद्य जीवाश्म का सापडत नाहीत?

सायबेरियातील याकुतिया भागात, बर्फाळ जमिनीत मिळालेल्या एका पिलाचा फोटो नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर फिरला. अंगावर दाट तपकिरी केस, रुंद पंजे, वय जेमतेम तीन आठवडे. ३५ ते ३७ हजार वर्षांपूर्वी मेलेले हे पिलू ‘होमोथेरियम’ या लांब सुळ्यांच्या मार्जाराचे होते. असा फोटो पाहिला की ‘वाघाचा पूर्वज सापडला’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते चूक आहे. सुळेदार मार्जारांची फांदी आजच्या वाघ-मांजरांच्या फांदीपासून सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. नात्याने फार तर दूरचा चुलत, तोही निर्वंश झालेला.

मग खरे पूर्वज कुठले? आणि ताडोबा, पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला अशा जंगलांच्या मधोमध असलेल्या नागपूरच्या जमिनीत त्यांचा माग लागतो का?

नागपूरच्या जमिनीत काय आहे?

खूप काही आहे, पण चुकीच्या काळाचे. शहराच्या पूर्वेला अतिप्राचीन स्फटिकी खडक, कामठीकडे कोळशाच्या काळातील थर, पश्चिमेला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची. लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ अडकला आहे. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने शहराजवळच्या टाकळीला अशाच गाळातून शिंपले, बिया, फळे गोळा केली आणि १८५५ मध्ये त्यावर सहकाऱ्यासोबत निबंध प्रसिद्ध केला. हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. तेलंगणातील नासकल येथे अशाच थरात सापडलेल्या एका चिमुकल्या सस्तन प्राण्याला १९८८ मध्ये ‘डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी’ असे नाव मिळाले. तेव्हाच्या सस्तन प्राण्यांची ऐपत एवढीच होती. मार्जारकुळ यायला अजून साडेतीन कोटी वर्षे अवकाश होता.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याची गोष्ट आणखी गमतीची. तिथल्या डायनासोरकाळातील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण असल्याचे २००५ मध्ये दिसून आले. म्हणजे ज्या गवतावर आज चितळ जगते आणि चितळावर वाघ, त्याचा पुरावा विदर्भात वाघापेक्षा कितीतरी जुना आहे.

लाव्हा थंडावल्यानंतर मात्र या पट्ट्यात गाळ साचवणारी मोठी खोरी फारशी उरली नाहीत. हाड टिकायला ते लवकर गाडले जावे लागते. उघड्या दगडावर पडलेले हाड तरस, पाऊस आणि ऊन यांच्या वाट्याला जाते. त्यामुळे मार्जारकुळ घडत होते, त्या कोट्यवधी वर्षांची पानेच इथल्या दगडी वहीत नाहीत.

ती पाने कुठे मिळाली?

सर्वात जुना मार्जार मानला जाणारा ‘प्रोएल्युरस’ फ्रान्समध्ये सापडला. काळ साधारण अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीचा, आकार रानमांजरापेक्षा थोडा मोठा. माद्रिद शहरात मिळालेल्या दीड कोटी वर्षांपूर्वीच्या जबड्यावरून २०२४ मध्ये ‘मॅजेरिफेलिस’ ही नवी प्रजाती जाहीर झाली. एका जबड्यावर एवढा दावा कसा? मार्जारांच्या दाढा कात्रीसारख्या मांस कापतात, दळत नाहीत. ही ठेवण इतकी खास असते की दातांवरून कूळ ओळखता येते.

भारतात यासाठी शिवालिककडे पाहावे लागते. वर चढणाऱ्या हिमालयातून नद्यांनी गाळ ओतला आणि हाडे झपाट्याने गाडली गेली. फाल्कनर आणि कॉटली यांनी १८३६ मध्येच तिथल्या एका मोठ्या मार्जाराची नोंद केली होती. तिबेटमध्ये २०१० मध्ये सापडलेली ‘पँथेरा ब्लायथी’ची कवटी ४१ ते ५९ लाख वर्षांपूर्वीची आहे. मोठ्या मार्जारांचा हा सर्वात जुन्या पुराव्यांपैकी एक. आज जिवंत असलेल्या सर्व मार्जारांचा समान पूर्वज आशियात सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी होता, असा डीएनएच्या आधारे २००६ मध्ये मांडलेला अंदाज याच्याशी जुळतो.

वाघ विदर्भात कधी आला?

वाघासारखा ‘पँथेरा झ्डान्स्की’ चीनमधील गान्सू प्रांतात वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वी होता. भारतात मात्र वाघाचे जीवाश्म हिमयुगाच्या अखेरच्या टप्प्यातील आहेत. आंध्रातील कुर्नूलच्या गुहा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. जनुकीय अभ्यासानुसार आजच्या सर्व वाघांचा समान पूर्वज जेमतेम एक लाख वर्षांपूर्वीचा. भूशास्त्राच्या हिशेबात विदर्भाचा वाघ कालचा पाहुणा आहे.

तो नेमका केव्हा आला, याचे उत्तर लाव्हात नाही, नदीकाठच्या कोवळ्या गाळात असू शकते. लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या गाळातून हत्ती आणि पाणघोड्यांची हाडे मिळाली आहेत. नर्मदेकाठी हथनोरा येथे १९८२ मध्ये आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला, तोही अशाच गाळात. विदर्भात मात्र नद्यांचा गाळ आणि वाळू जीवाश्म शोधणाऱ्यांपेक्षा पोकलेन अधिक वेगाने उपसत आहेत. जीवाश्मस्थळांच्या संरक्षणासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला होता. त्यात स्थळे ठरवण्याची मुख्य जबाबदारी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे देण्याचा प्रस्ताव होता.

या संस्थेचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. दरडीत दगडासारखे जड हाड दिसले, तर ते उपटून घरी आणू नये. जागेवरच फोटो काढावा, कोणत्या थरात आहे ते टिपावे आणि तिथे कळवावे. थरातून निघालेल्या हाडाचे वय सांगणे जवळजवळ अशक्य होते.