त्याला डुप्लिकेट म्हणू नका

जुन्या गाडीचा डेल्को गेला की घरात दोन मतं पडतात. ‘ओरिजिनलच घाला, नाहीतर गाडी काढून टाका’ हे एक. ‘गॅरेजवाल्याकडे सोडा, तो बघेल’ हे दुसरं. माझं मत तिसरं आहे. दुसऱ्या कंपनीचा, पण तिच्याच नावाच्या खोक्यातला डेल्को पक्क्या बिलावर आणावा आणि घरीच बसवावा. आमच्या पप्पांच्या प्रीमियर पद्मिनीला आम्ही तो तसाच बसवला, म्हणून एवढ्या ठामपणे लिहितेय.

डेल्को म्हणजे इग्निशनचा डिस्ट्रिब्युटर. कुठल्याही कंपनीचा असो, गॅरेजात त्याला डेल्कोच म्हणतात, जसं डालडा म्हणतात तसं. नाव मात्र खऱ्या कंपनीचं आहे. अमेरिकेत डेटन गावात चार्ल्स केटरिंग आणि त्याचे सोबती एका घरामागच्या कोठारात काम करायचे. त्यांनी बॅटरीवर चालणारं इग्निशन तयार केलं, आणि ते 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांत बसलं. म्हणजे गंमत बघा, ज्या वस्तूबाबत आपण ‘कंपनीचंच पाहिजे’ म्हणून हटून बसतो, ती बाहेरच्या माणसांनी कोठारात बनवून गाडीच्या कंपनीला विकलेली!

पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबलं. ‘ओरिजिनल’ म्हणून जे मिळतं ते एकतर कुठल्या तरी दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेलं, नाहीतर भंगारातल्या गाडीचं काढलेलं. भंगारातल्याचा बुशही आपल्याइतकाच झिजलेला असणार. बुश झिजला की शाफ्ट डुगडुगतो, पॉइंटमधली फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते, आणि गाडी मिसिंग मारते. रोटर काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. जाणवण्याइतका हलला तर पॉइंट आणि कंडेन्सर कितीही बदला, उपयोग नाही.

बसवायला अवघड असं खरंच काही नाही, फक्त घाई नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनला वर आणायचा, कॅप उघडायची, आणि रोटरचं तोंड कुठे आहे त्याची खूण इंजिनवर करायची. मी व्हाइटनरने केली, वर मोबाइलवर फोटोही काढला. मग क्लॅम्प सैल करून डेल्को सरळ वर उचलायचा. नवा बसेपर्यंत इंजिनला हात लावायचा नाही, कुणी कौतुकाने स्टार्टर मारायचा नाही. प्लगच्या वायरी एकदम उपटू नयेत, जुन्या कॅपवरून नव्या कॅपवर एकेक करून न्याव्यात. क्रम 1-3-4-2. पॉइंटची फट फीलर गेजने लावायची, ती अर्ध्या मिलीमीटरलाही थोडी कमीच असते. शेवटी टायमिंग. पुलीवरची खूण टायमिंगच्या खुणेशी आणायची, बॅटरी जोडायची, बारा व्होल्टच्या बल्बचं एक टोक कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि दुसरं बॉडीला लावायचं. किल्ली फिरवून डेल्को हळूहळू वळवायचा. बल्ब पेटला तो क्षण पॉइंट उघडल्याचा, तिथेच क्लॅम्प आवळायचा. बिनपॉइंटचा इलेक्ट्रॉनिक डेल्को घेत असाल तर आपली कॉइल त्याला चालते का, हे दुकानातच विचारून घ्या.

यावर पप्पांचा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. डेल्कोच्या पोटात वजनं आणि स्प्रिंगा असतात. इंजिनचा वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडायचं काम त्यांचं. बाहेरच्या डेल्कोत स्प्रिंगचा ताण वेगळा असू शकतो. सपाट रस्त्यावर कळत नाही, पण चोर्ला घाट चढताना इंजिन खडखडायला लागतं. म्हणून नवा डेल्को घातल्यावर चढावर नेऊन ऐकलंच पाहिजे. खडखडलं तर टायमिंग जरा मागे घ्यावं, तरीही थांबलं नाही तर डेल्को दुकानात परत. पक्कं बिल हवं ते त्यासाठीच.

माझा खरा राग आहे तो एका शब्दावर. दुसऱ्याचं नाव आणि होलोग्राम छापून विकलेला माल डुप्लिकेट. ती फसवणूक आहे, तिची बाजू कोण घेणार? पण जो कारखाना स्वतःचं नाव खोक्यावर लिहितो, त्याचा मालही आपण त्याच शब्दात ढकलतो. आणि हे बेळगावात! आपल्या उद्यमबागेत ओतकाम होतं, मशिनिंग होतं, आणि ते सुटे भाग दुसऱ्यांच्या नावाच्या गाड्यांत जातात. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरची चूल त्यावर पेटते. तो भाग मोठ्या कंपनीच्या खोक्यात गेला की ओरिजिनल, आणि तसाच कुणी स्वतःच्या नावाने विकला की डुप्लिकेट? हा न्याय मला पटत नाही.

घरीच का, असं मैत्रिणी विचारतात. गॅरेजवाल्यांचा अपमान करायचा नाहीय. फट कशी मोजायची, हे मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनीच शिकवलं. आधी त्यांनी ‘पप्पा कुठायत?’ असं विचारलं, मग ‘बघा की ताई, हात काळे होतील’ म्हणाले, आणि मग गेज हातात दिलं. पण आता डेल्को माहीत असलेले असे मिस्त्री कमी होत चाललेत, तरुण पोरं स्कॅनर लावायला बघतात आणि पद्मिनीला स्कॅनर लावायला जागाच नाही. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी पुन्हा करायची तर ती आधी तपासणीत पास व्हायला लागते, मिसिंग मारणारी गाडी तिथे कशी पास होणार? एका भागापायी ती भंगारात घालायच्या आधी रविवारची एक दुपार द्या. आणि जुना डेल्को फेकू नका, त्याचा बुश लेथवर नवा करून मिळतो.